हनुवंतियाला टेंटमध्ये दोन रात्री, बरोबर ७३ वर्षांची आई आणि दोन मुलं. जमेल का?

सुदामानगरकर

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुलांना सुट्ट्या आहेत आणि दरवर्षी मांडू नाहीतर महेश्वर होतं, या वेळी मुलगा (११) हट्टाला पेटलाय की तळ्याकाठी टेंटमध्येच झोपायचं. मुलगी ७ वर्षांची आहे. आई ७३, गुडघे दुखतात पण मन खंबीर, ती म्हणते मला घरी ठेवून जायचं नाही, नर्मदा मैयाचं पाणी मलापण बघायचंय.

चार जणांचा म्हणून एक टेंट ऑनलाइन मागवलाय, गच्चीवर दोनदा लावून पाहिला, आता वीस मिनिटांत उभा राहतो. डोक्यात तीन जागा आहेत. एक, चोरल डॅमच्या काठावर आपला स्वतःचा टेंट, इंदूरच्या आपल्या घरापासून तास-सव्वा तास. दोन, हनुवंतियाला, म्हणजे नर्मदेवरच्या इंदिरा सागर धरणाच्या जलाशयाकाठी, टुरिझमवाल्यांचे तयार टेंट. तीन, ऑफिसातला एक जण म्हणतो की ओंकारेश्वरच्या आसपास नर्मदेच्या पात्रातच मस्त वाळू आहे, कोणी विचारत नाही, पैसे लागत नाहीत, तिथे लावा.

मला मनातून स्वतःचा टेंटच लावायचाय, मुलांना खुंट्या ठोकायला शिकवायच्यात, स्वयंपाक बाहेर करायचाय. पण आईचं टॉयलेट, थंडी, रात्री उठणं हे सगळं आठवलं की हिंमत होत नाही. ज्यांनी खरंच राहून पाहिलंय त्यांनीच सांगा प्लीज.

सिमरोल_सायकल

दादा, बाकी सगळं नंतर, आधी तो तिसरा पर्याय डोक्यातून काढून टाका. धरणाच्या खालच्या अंगाला नदीच्या पात्रात कधीच मुक्काम करायचा नाही, वाळू कितीही छान दिसली तरी. वर पुनासाला इंदिरा सागर आहे, तिथे वीज काढतात ती गरजेप्रमाणे, टर्बाइन चालू झालं की खाली पाणी वाढतं आणि वर आभाळ एकदम निरभ्र असतं त्यामुळे माणसाला शंकाच येत नाही. २००५ च्या एप्रिलमध्ये नर्मदेकाठी धाराजीला भूतडी अमावास्येच्या जत्रेला लोक असेच काठावर, खडकांवर रात्री झोपले होते, वरून पाणी सोडलं गेलं आणि साठाहून जास्त माणसं वाहून गेली. पाऊस नव्हता, वादळ नव्हतं. मी तेव्हा कॉलेजात होतो, ती बातमी वाचल्यापासून पात्रात टेंट हा विषय माझ्यासाठी संपला. ज्यांनी तुम्हाला सांगितलं त्यांनापण हे सांगा.

आता चोरल. मी तिथे बऱ्याच वेळा सायकलनं गेलोय, दोनदा राहिलोय, हिवाळ्यात जागा सुंदर आहे यात वादच नाही, सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि एक पण आवाज नसतो. पण कुठेही मनात येईल तिथे टेंट लावायचा असं चालत नाही, आजूबाजूला वनविभागाची जमीन आहे, बिबट्या त्या पट्ट्यात आहे, आणि बाकी काही नसलं तरी रविवारी पिऊन येणारी टोळकी असतात, बायकामुलं बरोबर असताना तो त्रास कशाला घ्यायचा. तिथे टुरिझमचं रिसॉर्ट आहे, त्यांना फोन करून विचारा की आमच्या आवारात आमचा टेंट लावू द्याल का आणि आईसाठी एक खोली घ्या. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला असं करू दिलं होतं, तुम्हाला देतील की नाही ते त्यांच्यावर, पण विचारण्यात काय जातं.

आणि टेंटबद्दल. चार जणांचा म्हणजे तीन जणांचा समजा. गच्चीवर खुंट्या ठोकल्या नसतील, तिथे खरी गंमत आहे. आपल्याकडे काठाला एकतर मुरूम, त्यात खुंटी जातच नाही, नाहीतर काळी माती, त्यात लोण्यासारखी जाते आणि वारा आला की तशीच बाहेर येते. चार रिकाम्या सिमेंटच्या गोण्या न्या, तिथेच माती-दगड भरा आणि दोऱ्या त्यांना बांधा. दार वाऱ्याच्या उलट बाजूला. पाण्यापासून पन्नास पावलं तरी लांब आणि थोडं चढावर, कारण रात्री गार हवा उतारानं खाली पाण्याकडे सरकते, अगदी काठाला सगळ्यात जास्त ओल आणि सगळ्यात जास्त थंडी असते. पहाटे टेंट आतून ओला झाला तर घाबरू नका, गळत नाहीये, तो आपलाच श्वास आहे, वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवून झोपलं की कमी होतं.

एक गोष्ट हात जोडून सांगतो, थंडी वाजली म्हणून सिगडी किंवा कोळसे टेंटच्या आत घेऊ नका. पाच मिनिटं पण नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी गॅसला वास नसतो, माणूस झोपतो तो उठत नाही.

स्वाती_वैशालीनगर

सुदामानगरवाले दादा, मी गेल्या वर्षी सासूबाईंना (७६) घेऊन हनुवंतियाला जाऊन आले म्हणून लिहिते. आईंना घेऊन जा, नक्की जा, पण तयार टेंटमध्ये.

तिथले टेंट म्हणजे कापडाची खोलीच म्हणा, आत पलंग, गादी, लाइट आणि मागे जोडून बाथरूम, कमोड आहे, गरम पाणी मिळतं. गुडघेवाल्या माणसाला जमिनीवरून उठणं हीच सगळ्यात मोठी अडचण असते, दृश्य वगैरे नंतर, रात्री तीनदा उठायचं असतं त्यांना. बुकिंग करताना फोनवर सांगून ठेवा की वयस्कर माणूस आहे, जेवणाच्या जागेच्या जवळचा टेंट द्या, आम्हाला टोकाचा दिला होता आणि चालत चालत सासूबाई दमून जायच्या, दुसऱ्या दिवशी सांगितल्यावर बदलून दिला. जल महोत्सव असेल त्या दिवसांत (२०१६ पासून तिथे हा महोत्सव होतो) गाणी, लाइट, गर्दी, पॅरासेलिंग, हॉट एअर बलून असं सगळं असतं, मुलं खूश होतात पण शांतता हवी असेल तर महोत्सवाच्या तारखा बघून मधला वार धरा, शनिवार-रविवार नको.

रस्ता: भेरूघाट, बडवाह, मोरटक्क्याचा पूल, सनावद, पुनासा, मुंडी. आम्ही गेलो तेव्हा खंडवा रोडचं काम चालू होतं, कुठे किती वेळ अडकाल नेम नाही, आम्हाला चार तास लागले. पहाटे साडेपाच-सहाला निघा, घाट ट्रकची गर्दी व्हायच्या आत उतरायचा, आणि अंधारात परत चढायचा नाही. बडवाहला चिवडा घ्या. सासूबाईंनी मोरटक्क्याला गाडी थांबवायला लावून नारळ वाहिला, तुमच्या आईपण लावतील, तेवढा वेळ धरून चाला.

थंडीचं सांगते. निमाड, म्हणजे हा नर्मदेकडचा भाग, उबदार असं आपल्याला वाटतं, दुपारी ऊन चटका देतं हे खरं, पण संध्याकाळी सहानंतर पाण्यावरचं वारं सुटलं की कानटोपी लागतेच. थंडी वरून नाही, खालून येते, त्यामुळे पांघरूण दोन नेण्यापेक्षा अंगाखाली एक जाड सतरंजी जास्त न्या. आईंची गोळ्यांची डबी, गुडघ्याचं तेल, गरम पाण्याची पिशवी, आणि चपला रात्री टेंटच्या आत, सकाळी झटकून घालायच्या, विंचू बसतात.

मुलांना खुंट्या ठोकायच्यात ना, तर तुमचा छोटा टेंट न्याच, तिथल्या मॅनेजरला विचारून समोरच्या हिरवळीवर दुपारी लावा, मुलं त्यात खेळतील, बाप-लेक रात्री त्यात झोपा. आई आणि वहिनी पलंगावर. सगळ्यांचं होतं.

राजवाडा_ते_रामपुरा

हनुवंतिया छान आहे पण कोणी गांधी सागर म्हणेना म्हणून मी म्हणतो. तिथेपण तयार टेंट आहेत, चंबळचं पाणी, आणि गर्दी त्या मानानं कमी. १९५४ ला नेहरूंच्या हस्ते पायाभरणी आणि १९६० ला त्यांच्याच हस्ते उद्घाटन झालेलं धरण, बाजूला अभयारण्य, चतुर्भुज नाल्यात आदिमानवांची चित्रं खडकावर मैलभर, हिंगलाजगड. २०२५ च्या २० एप्रिलला कुनोहून दोन चित्ते, प्रभास आणि पावक, तिथे सोडले. आणि आपण इंदूरची मराठी माणसं, भानपुऱ्याला यशवंतराव होळकरांची छत्री आहे, १८११ ला ते तिथेच गेले, मुलांना ते दाखवायला नको का? आपल्याकडे राजवाड्यासमोर रोज उभे राहतो पण भानपुऱ्याला किती जण गेलेत विचारा.

अंतर मात्र हनुवंतियाच्या जवळजवळ दुप्पट पडेल. आईंना एका दिवसात तेवढं बसवणार नाही असं वाटत असेल तर या वेळी राहू द्या.

सुदामानगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. धाराजीचं मला आठवत होतं पण ते आणि वाळूवरचा टेंट हे मी जोडूनच पाहिलं नव्हतं, वाचून अंगावर काटा आला. ऑफिसातल्या माणसाला आजच दाखवलं, तो पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर जाणार होता, आता जात नाहीये.

हनुवंतिया नक्की केलं, स्वातीताईंनी सांगितलं तसं, दोन रात्री, मंगळवार-बुधवार. भानपुरा उन्हाळ्यानंतर, आई काय म्हणते बघून.

आता एक विचारायचंय. मुलाला पोहता येतं, राजेंद्रनगरच्या पूलमध्ये शिकलाय, तो म्हणतो तळ्यात पोहणार. काठाला उथळच असेल ना? आणि आई काल रात्री अचानक म्हणाली की तिकडे हरसूद होतं, लग्नाआधी ती इटारसीला मावशीकडे जायची तेव्हा खंडव्यानंतर गाडी हरसूदला थांबायची आणि तिथे फलाटावर सीताफळं विकायला यायची. ते स्टेशन दिसेल का विचारत होती. मला काही उत्तर देता आलं नाही.

छनेराकर

आईंना माझा नमस्कार सांगा. मी हरसूदचा. आता इंदूरला असतो, घरचे छनेऱ्याला, ज्याला नवं हरसूद म्हणतात.

ते स्टेशन आता नाही. खंडवा-इटारसी लाइनचा तो तुकडाच हलवला, गाडी आता छनेऱ्याला थांबते. आईंनी जिथे सीताफळं घेतली ती जागा पाण्याखाली आहे.

तुम्ही त्याला तळं म्हणता, मी काही बोलणार नाही, आज तिथे जाणाऱ्याला तळंच दिसणार, आणि माझी स्वतःची पुतणी तिथे बोटीत बसून फोटो काढते. पण मुलांना घेऊन जाताय म्हणून सांगतो. १९८४ च्या २३ ऑक्टोबरला इंदिराबाईंनी पायाभरणी केली, आठ दिवसांनी त्या गेल्या, मग त्यांचं नाव धरणाला लागलं. ९२ मीटर उंच भिंत, हजार मेगावॉट वीज, आणि साठवण १२ अब्ज घनमीटरच्या वर, भारतात साठवणीत याच्याएवढं दुसरं जलाशय नाही. त्यात आमचं हरसूद आणि २४९ गावं आली, कुठे पूर्ण, कुठे शेतं तेवढी. १९८९ च्या सप्टेंबरात गावात धरणाच्या विरोधात मोठा मेळावा झाला होता, देशभरातून माणसं आली होती, मी वडिलांच्या खांद्यावर होतो, नुसती डोकीच डोकी आठवतात. २००४ च्या जूनच्या शेवटी गाव रिकामं केलं. लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली, कारण दारं, खिडक्या, सागाचे वासे, विटा नेल्या तेवढ्याच आपल्या. आमच्या आजीनं उखळ उचलून ट्रकमध्ये घातलं, बाकी काही मागितलं नाही. ते उखळ अजून आहे.

आता आईंच्या प्रश्नाचं. डिसेंबरात काही दिसणार नाही, पाणी तेव्हा भरलेलं असतं. जलाशय पूर्ण भरतो २६२ मीटरच्या पातळीला, आणि उन्हाळ्यापर्यंत सिंचनाला, विजेला देत देत पाणी खूप खाली उतरतं, ठरलेली सगळ्यात खालची पातळी २४३ च्या आसपास आहे, म्हणजे सहा मजली बिल्डिंगएवढा फरक. मे महिन्यात पाणी उतरलं की हरसूदचे ओटे, जोती, रस्त्याच्या कडा वर येतात. आमच्याकडची म्हातारी माणसं त्या दिवसांत जातात, आपल्या ओट्यावर बसतात, नारळ फोडतात, परत येतात. स्टेशनचं काय शिल्लक आहे ते दाखवता येईल. आईंना यायचं असलं तर मला कळवा, मी स्वतः घेऊन जाईन.

सिमरोल_सायकल

छनेराकर, हे लिहिल्याबद्दल धन्यवाद. पाच-सहा वेळा गेलोय तिकडे, हे एवढं नीट कोणी सांगितलं नव्हतं.

दादा, मुलाच्या पोहण्याचं उत्तर पण यातच आहे. हे पूल नाही आणि नैसर्गिक तळं पण नाही, ही बुडालेली टेकड्या-शेतांची जमीन आहे. काठाला गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलाला जुनी विहीर नाहीतर नाल्याची कड असू शकते. बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्याच्या एक हात खाली असतात, वरून दिसत नाहीत. मासेमारांची जाळी असतात, बारीक नायलॉन, पाय अडकला की पट्टीच्या पोहणाऱ्याचंही काही चालत नाही. आणि मगर, नर्मदामाईचं वाहनच ते, मूर्तीत बघतो तसं पाण्यात पण आहे. त्यामुळे पोहायचं नाही. बोटीत बसायचं ते टुरिझमच्या, लाइफ जॅकेट घालून, आणि जॅकेट मुलांच्या मापाचं मागायचं, मोठ्याचं घातलं तर मूल पाण्यात पडल्यावर जॅकेट वर आणि मूल खाली असं होतं. पायांमधून जाणारा पट्टा असलेलं मिळालं तर तेच घ्या.

अजून एक. पाणी उतरलेल्या जमिनीवर गाडी उतरवू नका. वर वाळलेली पापडी दिसते, खाली कमरेएवढा गाळ असतो. मागच्या फेब्रुवारीत माझ्यासमोर एक एसयूव्ही दारापर्यंत रुतली, गावातल्या ट्रॅक्टरनं काढली, ती पण गव्हाच्या कडेनं. तिथली माणसं पाणी ओसरेल तशी गाळपेर करतात, आपल्याला रिकामी दिसणारी जमीन कोणाची तरी पेरलेली असते, त्यावर टेंट किंवा क्रिकेट नको.

स्वाती_वैशालीनगर

छनेराकर दादा, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या उखळावर थांबल्या, म्हणाल्या पुन्हा वाच.

सुदामानगरवाले, स्वयंपाक बाहेर करायचाय म्हणालात ना, तिथे मॅनेजर सांगेल त्याच जागी चूल करा, सुक्या पाल्यात नको, आणि निघताना पाणी ओतून हात लावून बघा राख गार झाली का. दाल-पानिये करा, मक्याचं पीठ घरून मळून न्या, पळसाची पानं तिकडे मिळतात, कंडे (गोवऱ्या) इंदूरहून न्या. मुलांना पानात गुंडाळायला द्या, फार आवडतं. कचऱ्याची पिशवी वेगळी ठेवा आणि परत इंदूरला आणा. आपण आपल्या शहरात ओला-सुका वेगळा करतो तर तिकडे जाऊन सवय सुटायला नको.

सुदामानगरकर

जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, आल्यावर मुलीला सर्दी होती, आता बरी आहे.

पहाटे पावणेसहाला निघालो, मोरटक्क्याला आईनं खरंच गाडी थांबवली. पूल ओलांडेपर्यंत तिचा जप चालू होता, मुलगी पण तिच्याबरोबर नर्मदे हर नर्मदे हर. साडेदहाला पोचलो. जेवणाच्या जागेजवळचा टेंट मागितला तो मिळाला. कमोड, गरम पाणी सगळं ठीक. माझा टेंट हिरवळीवर लावू दिला, जमीन मुरमाचीच, एक खुंटी वाकली, गोण्यांनी काम केलं. पहिल्या रात्री दोनच्या सुमाराला वारा सुटला आणि वरचं कापड फडफडायला लागलं, मुलगा जागा झाला, दोघांनी बाहेर जाऊन दोरी आवळली. त्या पाच मिनिटांत त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला बाबा एवढे तारे कुठून आले. सुदामानगरात त्यानं दहा-बारा पाहिले असतील. मग आम्ही दोघं पांघरुणं घेऊन बाहेरच बसलो बराच वेळ.

पोहायचं नाही हे त्याला छनेराकरांचं लिहिलेलं वाचायला देऊन सांगितलं. एक शब्द बोलला नाही, उलट बहिणीला पाण्याजवळ जाऊ देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीत आई पण बसली. जॅकेट घातलं, दोन्ही हातांनी कठडा धरला. मधे गेल्यावर तिनं बोटवाल्याला विचारलं, भैया, हरसूद किधर पड़ेगा. तो तिकडचाच, त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही, हात लांब करून दाखवलं, उधर, अम्मा, दूर है. मग त्यानं स्वतःच इंजिन बंद केलं. कोणी काही बोललं नाही. आईनं पिशवीतून घरून आणलेली फुलं काढली, मला माहीत पण नव्हतं की तिनं आणलीत, आणि पाण्यात सोडली. मुलीनं विचारलं आजी, खाली कोण राहतं, तर म्हणाली आता कोणी नाही, आधी खूप माणसं राहायची, मी त्यांच्याकडून सीताफळं घ्यायची.

छनेराकर भाऊ, आई मे महिन्यात यायचं म्हणते. ऊन फार असेल, सकाळी किती वाजता पोचायला हवं आणि गाडी किती जवळ जाते, तिला किती चालावं लागेल?

छनेराकर

आदल्या दिवशी छनेऱ्याला आमच्या घरी मुक्कामाला या. पहाटे पाचला निघू, नऊच्या आत परत. गाडी कुठपर्यंत जाईल ते पाण्यावर आहे, एप्रिलच्या शेवटी मी बघून येतो आणि कळवतो. चालायचं जास्त असलं तर खुर्ची आहे आमच्याकडे, मी आणि माझा भाऊ मिळून आईंना उचलून नेऊ, आजीला तसंच नेत होतो.